स्पॅनिश अमेरिकेतील मूलनिवासीविषयक वाद व सुधारणा

अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांवर स्पेनने प्रस्थापित केलेल्या सत्तेची न्याय्यता आणि त्या सत्तेखाली त्यांना मिळणारी वागणूक यांविषयी सोळाव्या शतकात स्पॅनिश धर्मोपदेशक, विधिज्ञ, विद्यापीठीय पंडित व राजमंडळे यांच्यात झालेला वाद आणि त्यातून निर्माण झालेले कायदे. ख्रिस्तोफर कोलंबस याने १४९२ मध्ये गाठलेली बेटे आशियाच्या पूर्वेकडील ‘इंडीज’ होत, या समजुतीमुळे तेथील लोकांना ‘इंडियन’ हे नाव पडले आणि कायद्याच्या परिभाषेतही तेच रूढ झाले. वादाचा प्रारंभ सामान्यतः १५११ मधील सांतो दोमिंगो येथील प्रवचनापासून मानतात. बुर्गोसचे कायदे (१५१२), नवे कायदे (१५४२) आणि व्हॅलादोलिद येथील वादसभा (१५५०–५१) हे त्याचे प्रमुख टप्पे होत. जेत्या सत्तेने स्वतःच्याच विजयाच्या अधिकाराची जाहीर चिकित्सा करविल्याचे हे एक ठळक ऐतिहासिक उदाहरण आहे. तथापि या चिकित्सेतून निघालेले कायदे ज्यांच्या हितसंबंधांना बाधक होते, त्यांच्याकडेच बहुधा त्यांच्या अंमलबजावणीचे काम सोपविले गेले. सुधारणांचे यश व अपयश समजण्यासाठी ही विसंगती ध्यानात घेणे आवश्यक आहे.

पार्श्वभूमी : पोप सहावा अलेक्झांडर याने १४९३ मध्ये काढलेल्या आज्ञापत्रांनी नव्याने सापडलेले प्रदेश कॅस्टीलच्या राजसत्तेकडे सोपविले व तेथील लोकांना ख्रिस्ती धर्माची शिकवण देण्याचे कर्तव्य तिच्यावर घातले. सत्तेचा अधिकार आणि धर्मप्रसाराचे कर्तव्य यांची अशी सांगड घातली गेल्यामुळे कर्तव्यात कसूर झाल्यास अधिकारही संशयास्पद ठरतो, असा युक्तिवाद करण्यास धर्मोपदेशकांना आधार मिळाला. राणी इझाबेला हिने इंडियनांना आपले प्रजाजन मानले आणि कोलंबसाच्या काळात स्पेनमध्ये आणून विकलेल्या इंडियनांची सुटका करून त्यांना परत पाठविण्याचा हुकूम १५०० मध्ये दिला. मात्र १५०३ मध्ये तिनेच एस्पान्योला (सध्याचे हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक) बेटाच्या गव्हर्नरास पाठविलेल्या आज्ञेत इंडियन हे स्वतंत्र लोक असून त्यांना मजुरी द्यावी असे सांगत असतानाच त्यांना सक्तीने कामास लावण्याची मुभा दिली. स्वातंत्र्य मान्य करावयाचे आणि श्रमाची सक्तीही चालू ठेवावयाची, हा अंतर्विरोध पुढील तीन शतकांच्या कायद्यांत टिकून राहिला.

या सक्तीचे संघटित रूप म्हणजे ‘एन्कोमिएन्दा’ ही पद्धती होय. तीत एखाद्या वसाहतकऱ्याकडे ठराविक इंडियन किंवा त्यांची गावे सोपविली जात. त्यांचे संरक्षण व धार्मिक शिक्षण यांची जबाबदारी त्याने घ्यावी आणि मोबदल्यात त्यांच्याकडून श्रम किंवा खंडणी घ्यावी, अशी व्यवस्था होती. तीत जमिनीची मालकी दिली जात नसे आणि कायद्याने इंडियन गुलामही ठरत नसत. प्रत्यक्षात सोन्याच्या खाणींतील काम, शेतीची मोडतोड, उपासमार व स्थलांतर यांमुळे एस्पान्योलातील तैनो समाज झपाट्याने नष्ट होत गेला. या बेटाच्या १४९२ मधील लोकसंख्येविषयी विद्वानांत मोठे मतभेद आहेत व अंदाज सु. एक लाखापासून कित्येक लाखांपर्यंत जातात. परंतु १५१४ च्या श्रमिक-वाटपाच्या नोंदीत तीस हजारांहून कमी इंडियन उरलेले दिसतात. देवीची साथ बेटावर १५१८ च्या अखेरीस आली. म्हणजेच हा ऱ्हास त्यापूर्वीच फार पुढे गेला होता.

वादाचा प्रारंभ आणि बुर्गोसचे कायदे : दोमिनिकन संघाचे धर्मोपदेशक १५१० मध्ये सांतो दोमिंगो येथे आले. त्यांच्यापैकी आंतोनियो दे मोंतेसिनोस याने २१ डिसेंबर १५११ रोजी गव्हर्नर दिएगो कोलंबस व इतर प्रतिष्ठित वसाहतकरी यांच्यासमोर प्रवचन केले. हे लोक माणसे नाहीत काय, त्यांना विवेकशील आत्मा नाही काय आणि कोणत्या अधिकाराने त्यांना अशा दास्यात ठेवले आहे, असे प्रश्न त्याने श्रोत्यांना विचारले. प्रवचनामागे संघाचा प्रमुख पेद्रो दे कोर्दोबा व अन्य धर्मबंधू यांची संमती होती. संतप्त वसाहतकऱ्यांनी माघारीची मागणी केली, तेव्हा पुढच्या रविवारी मोंतेसिनोसने आपले म्हणणे अधिक ठामपणे मांडले. राजा फर्डिनंड याने प्रथम दोमिनिकनांना गप्प बसण्याची ताकीद दिली. तथापि दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी स्पेनला पोहोचल्यावर त्याने विधिज्ञ व धर्मशास्त्री यांची सभा बोलाविली.

या सभेच्या विचारविनिमयातून २७ डिसेंबर १५१२ रोजी बुर्गोसचे कायदे जाहीर झाले. त्यांत ३५ कलमे होती. १५१३ मध्ये त्यांस आणखी काही कलमे जोडण्यात आली. इंडियनांना मारहाण करू नये व ‘कुत्रा’ म्हणून हाक मारू नये, पाच महिने काम केल्यानंतर त्यांना चाळीस दिवस विश्रांती द्यावी, चार महिन्यांहून अधिक गरोदर असलेल्या स्त्रियांस खाणीत पाठवू नये, अशा तरतुदी त्यांत होत्या. मात्र याच कायद्यांनी एन्कोमिएन्दा पद्धतीला कायम मान्यता दिली आणि इंडियनांची जुनी घरे जाळून त्यांना स्पॅनिश मळ्यांजवळ वसविण्याची आज्ञा केली. देखरेखीसाठी नेमावयाचे निरीक्षक जुन्या वसाहतकऱ्यांतूनच निवडावयाचे होते आणि त्यांनाही इंडियनांचे वाटप मिळावयाचे होते. कायदा मोडणारा व तो तपासणारा यांचे हित एकच असल्याने बहुतेक तरतुदी कागदावरच राहिल्या.

युद्धाच्या न्याय्यतेसंबंधी १५१३ मध्ये ह्वान लोपेस दे पालास्योस रुब्योस या विधिज्ञाने ‘रेकेरिमिएंतो’ (मागणीपत्र) नावाचे निवेदन तयार केले. पोपने केलेले दान व त्यामुळे स्पेनच्या राजाला मिळालेली सत्ता इंडियनांनी मान्य करावी आणि त्यांनी ती नाकारल्यास होणाऱ्या मृत्यूंची व हानीची जबाबदारी त्यांचीच राहील, असा त्याचा आशय होता. ते मोहिमेच्या वेळी स्पॅनिश भाषेत वाचले जाई आणि पुष्कळदा ते समजणारा एकही श्रोता समोर नसे. विधियुक्ततेचा आग्रह व अन्यायाची सोय या दोहोंचा असा मिलाफ त्या काळीही काही स्पॅनिश लेखकांना उपहासास्पद वाटला.

लास कासास : बार्तोलोमे दे लास कासास (१४८४–१५६६) हा सेव्हिलचा रहिवासी १५०२ मध्ये एस्पान्योलात आला व पुढे धर्मगुरू झाला. क्यूबाच्या मोहिमेत त्याने काओनाओ येथील कत्तल प्रत्यक्ष पाहिली, तरी तेथे मिळालेले इंडियनांचे वाटप त्याने स्वीकारले होते. अन्यायाने मिळविलेल्या द्रव्यातून केलेले दान देवाला मान्य होत नाही, या आशयाच्या धर्मवचनावर प्रवचनाची तयारी करीत असता त्याचे मतपरिवर्तन झाले आणि १५१४ मध्ये त्याने आपला वाटा सोडून दिला. १५१६ मध्ये त्यास ‘इंडियनांचा संरक्षक’ ही पदवी मिळाली. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर शांततामय वसाहत स्थापण्याचा त्याचा प्रयत्न फसल्यावर तो दोमिनिकन संघात दाखल झाला. ग्वातेमालातील तुसुलुत्लान या प्रदेशात शस्त्रबळाविना धर्मप्रसार करण्याचा प्रयोग त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १५३७ पासून हाती घेतला. त्या प्रदेशाला पुढे ‘व्हेरापास’ (खरी शांती) हे नाव मिळाले.

लास कासासच्या कार्याची एक बाजू वादग्रस्त आहे. इंडियनांचा भार हलका व्हावा म्हणून १५१६ च्या निवेदनात त्याने वसाहतींत गुलाम आणण्याची सूचना केली होती. आफ्रिकन गुलामांची आयात त्यापूर्वीच सुरू झालेली होती व १५१८ मध्ये राजा पहिला कार्लोस (सम्राट पाचवा चार्ल्स) याने चार हजार आफ्रिकनांच्या आयातीचा परवाना दिला, त्यामुळे हा व्यापार लास कासासने सुरू केला असे म्हणणे बरोबर नाही. आफ्रिकनांनाही अन्यायानेच पकडले जाते हे पुढे त्याच्या ध्यानी आले आणि आपल्या सूचनेबद्दलचा तीव्र पश्चात्ताप त्याने इंडीजच्या इतिहासात नमूद केला. परंतु हा ग्रंथ १८७५ पर्यंत अप्रकाशित राहिला. इंडियनांच्या बाबतीत झाला तसा मोठा सार्वजनिक वाद आफ्रिकनांच्या दास्यासंबंधी त्या शतकात स्पेनमध्ये झाला नाही.

व्हितोरिया आणि पोपची भूमिका : तिसरा पॉल या पोपने २ जून १५३७ च्या आज्ञापत्राने इंडियन हे खरोखर माणसे असून ते ख्रिस्ती नसले, तरी त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही असे जाहीर केले. याच्या अंमलबजावणीसाठी काढलेले पूरक पत्र मात्र राजसत्तेच्या आग्रहामुळे १५३८ मध्ये मागे घेण्यात आले. सालामांका विद्यापीठातील दोमिनिकन धर्मशास्त्री फ्रान्सिस्को दे व्हितोरिया याने १५३९ मध्ये दिलेल्या दोन व्याख्यानांत या प्रश्नाची मूलगामी मीमांसा केली. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी इंडियन हे आपल्या भूमीचे खरे स्वामी होते. पाप किंवा अश्रद्धा यांमुळे स्वामित्व नष्ट होत नाही. सम्राट हा जगाचा धनी नाही आणि पोपला अश्रद्धांवर ऐहिक सत्ता नाही. तसेच ती भूमी निर्नायकी नसल्याने केवळ शोधाने तिच्यावर हक्क प्राप्त होत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. यामुळे मागणीपत्राचा तात्त्विक पायाच ढासळला. सम्राटाने त्याच वर्षी सालामांकाच्या दोमिनिकन मठप्रमुखास पत्र लिहून अशा चर्चेस मनाई केली.

तथापि व्हितोरियाने काही न्याय्य कारणेही मानली होती. प्रवास व व्यापार करण्याचा आणि धर्मोपदेशाचा हक्क नाकारला गेल्यास, किंवा नरबळीपासून निरपराध्यांचे रक्षण करावयाचे झाल्यास, युद्ध न्याय्य ठरू शकते असे त्याचे मत होते. त्यामुळे एका दाराने नाकारलेली सत्ता दुसऱ्या दाराने आत येण्यास वाव राहिला. आंतरराष्ट्रीय विधीच्या इतिहासात व्हितोरियाला आद्य विचारवंतांत गणतात. त्याच्या युक्तिवादाची ही दुसरी बाजूही आधुनिक अभ्यासकांनी निदर्शनास आणली आहे.

नवे कायदे : लास कासास १५४० मध्ये स्पेनला परतला आणि त्याने अत्याचारांचा वृत्तांत राजसभेपुढे मांडला. त्यानंतर २० नोव्हेंबर १५४२ रोजी बार्सेलोना येथे ‘नवे कायदे’ जाहीर झाले. युद्ध, बंड अथवा अन्य कोणत्याही कारणाने इंडियनांना गुलाम करण्यास त्यांनी बंदी घातली. राजाचे अधिकारी, धर्माध्यक्ष व मठ यांच्याकडील एन्कोमिएन्दा काढून घेण्यात याव्यात, नव्या देऊ नयेत व धारकाच्या मृत्यूनंतर त्या राजसत्तेकडे जाव्यात, असेही त्यांत होते. वारसाहक्क नाकारणारे कलम सर्वांत दूरगामी होते, कारण त्यामुळे एका पिढीत ही पद्धती संपुष्टात आली असती.

पेरूमध्ये याविरुद्ध उघड बंड झाले. हे कायदे कठोरपणे अंमलात आणण्यासाठी आलेला पहिला व्हाइसरॉय ब्लास्को नून्येस व्हेला यास गोन्सालो पिसारोच्या सैन्याने जानेवारी १५४६ मध्ये कीतोजवळील लढाईत ठार केले. पेद्रो दे ला गास्का या धर्मगुरूने वाटाघाटी व सैन्यबळ यांच्या साहाय्याने १५४८ मध्ये बंड मोडले आणि पिसारोस देहान्त शिक्षा झाली. मेक्सिकोत राजाच्या विशेष निरीक्षकाने परिस्थिती ओळखून कायद्यांचा अंमल तहकूब ठेवला. तेथे दोमिनिकनांसह सर्व प्रमुख धर्मसंघांच्या श्रेष्ठींनी एन्कोमिएन्दाच्या बाजूने मत दिले, यावरून धर्मोपदेशकही एकमताचे नव्हते हे दिसून येते. अखेर ऑक्टोबर १५४५ मध्ये सम्राटाने वारसाहक्कासंबंधीचे कलम रद्द केले. राजाज्ञा मस्तकी धरावयाची पण अंमलात आणावयाची नाही, असा विधिसंमत संकेत स्पॅनिश प्रशासनात होता आणि वसाहतींतील अधिकाऱ्यांनी त्याचा पुष्कळदा आश्रय घेतला.

तरीही नवे कायदे निष्फळ ठरले असे म्हणता येत नाही. मध्य अमेरिकेत आलोन्सो लोपेस दे सेर्रातो या न्यायपीठाच्या अध्यक्षाने १५४८ पासून इंडियन गुलामांची मोठ्या प्रमाणावर मुक्तता केली. १५४९ मध्ये एन्कोमिएन्दाधारकांस खंडणीऐवजी वैयक्तिक श्रम घेण्यास बंदी झाली. मेक्सिकोत मात्र त्याच्या जागी सरकारी अधिकाऱ्यांमार्फत पाळीपाळीने सक्तीच्या मजुरीची पद्धती रूढ झाली. चिआपासचा धर्माध्यक्ष म्हणून १५४५ मध्ये आलेल्या लास कासासने इंडियनांना मुक्त न करणाऱ्यांस पापमुक्ती नाकारली. त्यास तीव्र विरोध झाल्याने त्याला आपले क्षेत्र सोडून १५४७ मध्ये स्पेनला परतावे लागले.

व्हॅलादोलिदची वादसभा : ॲरिस्टॉटलचा भाष्यकार व सम्राटाचा इतिवृत्तकार ह्वान हिनेस दे सेपुलव्हेदा (सु. १४९०–१५७३) याने इंडियनांविरुद्धचे युद्ध न्याय्य ठरविणारा एक लॅटिन संवादग्रंथ लिहिला होता. सालामांका व आल्काला या विद्यापीठांच्या प्रतिकूल अभिप्रायामुळे त्यास प्रकाशनाची परवानगी मिळाली नाही; तो १८९२ मध्ये प्रथम छापला गेला. वाद विकोपास गेल्यावर सम्राटाने एप्रिल १५५० मध्ये नव्या मोहिमा तहकूब केल्या व त्या न्याय्य रीतीने कशा चालवाव्यात हे ठरविण्यासाठी विद्वानांची सभा बोलाविली. तिची पहिली बैठक १५५० च्या ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये व दुसरी १५५१ च्या वसंत ऋतूत व्हॅलादोलिद येथे झाली. परीक्षकांत दोमिंगो दे सोतो, मेल्चोर कानो व बार्तोलोमे दे कार्रान्सा हे नामांकित दोमिनिकन धर्मशास्त्री होते. दोन्ही प्रतिवादी समोरासमोर आले नाहीत, सेपुलव्हेदाने सु. तीन तास आपले म्हणणे मांडले, तर लास कासासने पाच दिवस आपला लेख वाचून दाखविला. ज्यांच्याविषयी हा वाद चालला होता, त्या समाजांचा कोणीही प्रतिनिधी सभेत नव्हता.

सेपुलव्हेदाने चार कारणे पुढे केली : इंडियनांची मूर्तिपूजा व इतर पातके, त्यांचा निसर्गतः असंस्कृत स्वभाव, ज्यामुळे अधिक विवेकी लोकांच्या सत्तेखाली राहणे त्यांना योग्य ठरते, नरबळीस बळी पडणाऱ्यांचे रक्षण, आणि धर्मप्रसाराची सुलभता. यांपैकी दुसरे कारण ॲरिस्टॉटलच्या निसर्गसिद्ध दास्याच्या कल्पनेवर आधारलेले होते. सेपुलव्हेदा स्वतः अमेरिकेस कधीच गेला नव्हता. लास कासासने ‘असंस्कृत’ या शब्दाचे निरनिराळे अर्थ वेगळे करून दाखविले आणि नगरे, कायदे, राज्यव्यवस्था व कलाकौशल्य असलेल्या समाजांना निसर्गसिद्ध दास म्हणता येत नाही असे सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. नरबळीने मरणाऱ्यांहून अधिक निरपराधी त्यांच्या रक्षणार्थ केलेल्या युद्धात मरतात. शिवाय आपणांस जे सर्वांत मोलाचे ते देवास अर्पावे, या भावनेतून ही प्रथा उद्भवली असल्याने ती उपदेशानेच दूर झाली पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. धर्मस्वीकार स्वेच्छेनेच होऊ शकतो, हे त्याच्या विवेचनाचे मुख्य सूत्र होय.

सभेचा औपचारिक निर्णय जाहीर झाला नाही व दोन्ही पक्षांनी आपलाच विजय झाल्याचे सांगितले. सेपुलव्हेदाचा ग्रंथ अप्रकाशितच राहिला. लास कासासने मात्र १५५२ मध्ये सेव्हिल येथे इंडीजच्या विध्वंसाचा संक्षिप्त वृत्तांत व अन्य लेख छापून प्रसिद्ध केले. काही वर्षांनी पेरूतील वसाहतकऱ्यांनी वंशपरंपरागत एन्कोमिएन्दांच्या बदल्यात दुसरा फिलिप या राजास मोठी रक्कम देऊ केली, तेव्हा तेथील इंडियन प्रमुखांच्या वतीने लास कासास व दोमिंगो दे सांतो तोमास यांनी १५६० मध्ये त्याहून अधिक रक्कम देण्याची तयारी दर्शविली. आयुष्याच्या अखेरीस लास कासास, पेरूचे राज्य इंका राजवंशास परत द्यावे व लुटलेल्या संपत्तीची भरपाई करावी, या निष्कर्षाप्रत आला. कबुलीजबाब ऐकणाऱ्या धर्मगुरूंच्या आग्रहामुळे पेरूतील काही विजेत्यांनी मृत्युपत्रांद्वारे इंडियनांना भरपाईदाखल रकमा ठेवल्याचेही आढळते.

उत्तरकालीन कायदे : दुसऱ्या फिलिपने १३ जुलै १५७३ रोजी काढलेल्या अध्यादेशांत ‘विजय’ हा शब्द टाळून त्याऐवजी ‘शांतता-प्रस्थापना’ हा शब्द योजावा, असे सांगितले. नव्या प्रदेशांत प्रथम शांततामय मार्ग अवलंबावा, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी पेरूचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने पोतोसी येथील चांदीच्या खाणींसाठी ‘मिता’ ही सक्तीच्या मजुरीची पद्धती संघटित केली. तीनुसार ठराविक प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी सुमारे सातव्या हिश्शाला दरवर्षी खाणींकडे जावे लागे. ती १८१२ पर्यंत चालू राहिली. चिलीत मापुचे लोकांनी प्रतिकार चालू ठेवल्यामुळे १६०८ मध्ये राजाने बंडखोरांना गुलाम करण्यास पुन्हा परवानगी दिली व ती १६७४ मध्ये रद्द झाली.

दुसरीकडे, कायद्याने मान्य केलेल्या दर्जाचा इंडियनांनी स्वतः उपयोग करून घेतला. मेक्सिकोत १५९२ मध्ये स्थापन झालेल्या इंडियनांच्या सर्वसाधारण न्यायालयात जमीन, खंडणी व मजुरी यांसंबंधीचे असंख्य दावे त्यांनी चालविले. पेरूतील फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला याने १६१५ च्या सुमारास स्पॅनिश राजास उद्देशून सचित्र इतिवृत्त लिहून गैरकारभाराची तपशीलवार तक्रार व सुधारणेची योजना मांडली. इंडीजच्या कायद्यांची एकत्रित संहिता १६८० मध्ये प्रसिद्ध झाली. एन्कोमिएन्दा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक ठिकाणी रद्द करण्यात आली.

मूल्यमापन : लास कासासच्या वृत्तांताची डच, फ्रेंच, इंग्रजी व लॅटिन भाषांतरे १५७८ ते १५९८ या काळात निघाली आणि स्पेनच्या शत्रूंनी त्यांचा प्रचारासाठी उपयोग केला. या प्रतिमेला ‘काळी दंतकथा’ हे नाव ह्वल्यान हुदेरिआस या लेखकाच्या १९१४ मधील पुस्तकामुळे रूढ झाले. लुइस हँके या अमेरिकन इतिहासकाराने १९४९ मध्ये या वादाचे वर्णन न्यायासाठी स्पेनने केलेला लढा असे केले. बेंजामिन कीन याने मात्र १९६९ मध्ये, कायद्यांच्या संख्येवरून इंडियनांच्या वास्तव स्थितीचे अनुमान काढता येत नाही, अशी टीका केली. लास कासासने दिलेले मृतांचे आकडे अतिशयोक्त आहेत, हे आज सामान्यतः मान्य आहे. तथापि सक्तीचे श्रम, कत्तली व लोकसंख्येचा ऱ्हास यांना सरकारी कागदपत्रांतूनही दुजोरा मिळतो. लोकसंख्येच्या ऱ्हासात साथीच्या रोगांचा वाटा मोठा असला, तरी श्रमाची सक्ती व उपासमार यांमुळे रोगांची मारकता वाढली, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात.

एकोणिसाव्या शतकात स्वतंत्र झालेल्या प्रजासत्ताकांनी इंडियनांना समान नागरिक म्हणून जाहीर केले व त्यांचा वेगळा विधिविषयक दर्जा काढून घेतला. सामुदायिक जमिनींची खासगी वाटणी करणारा पेरूतील बोलीव्हारचा हुकूम (१८२४) व मेक्सिकोचा १८५६ चा कायदा यांसारख्या उपायांमुळे अनेक गावांनी वसाहतकाळात न्यायालयांत लढून राखलेल्या जमिनी गमावल्या. विसाव्या शतकात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५७ मध्ये आणि त्यात सुधारणा करून १९८९ मध्ये मूलनिवासींच्या हक्कांविषयी करार संमत केले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००७ मध्ये जाहीरनामा स्वीकारला. यांपैकी नंतरच्या दोन दस्तऐवजांत मूलनिवासींशी विचारविनिमय करणे व त्यांची संमती घेणे, या तत्त्वांना मध्यवर्ती स्थान आहे. पंधराव्या शतकातील पोपच्या आज्ञापत्रांवर आधारलेला ‘शोधाचा सिद्धांत’ व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी अधिकृतपणे नाकारला. केवळ शोधामुळे भूमीवर हक्क प्राप्त होत नाही, हे तत्त्व व्हितोरियाने सालामांका येथे १५३९ मध्येच मांडले होते.